टॉवर गावात, रेंज अंगणात

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, तेलंगणाच्या सीमेलगत, झरी जामणी हा तालुका वसलेला आहे. मुकुटबन हे त्यातील एक मोठे गाव. कपाशीची शेते, भूगर्भातील कोळसा व चुनखडी आणि परिसरात विखुरलेले कोलामांचे पोड ही या भागाची जुनी ओळख. २०२२ साली येथे वर्षाला ३९ लाख टन उत्पादनक्षमतेचा बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा सिमेंट कारखाना सुरू झाला आणि मुकुटबनचे नाव देशाच्या औद्योगिक नकाशावर आले. ज्या सिमेंटमुळे गावोगावच्या कुडाच्या भिंती जाऊन पक्क्या भिंती आल्या आणि धाब्याच्या जागी स्लॅब आला, त्या सिमेंटचा एक गुण मात्र घर बांधणाऱ्याच्या हिशेबात सहसा नसतो. ते पावसाला अडवते, उन्हाला अडवते आणि त्याचबरोबर मोबाइलच्या संदेशलहरींनाही अडवते.

गावात टॉवर आहे, अंगणात उभे राहिले की फोन लागतो, उंबरठा ओलांडून आत गेले की तो मुका होतो, हा अनुभव ग्रामीण महाराष्ट्राला नवा नाही. बोलण्यासाठी घराबाहेर यावे लागणे ही काही वर्षांपूर्वीपर्यंत किरकोळ गैरसोय होती. आज तिचे स्वरूप पालटले आहे. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्यावाचून धान्याची नोंद होत नाही. बँकेच्या प्रतिनिधीकडून आधारच्या आधारे पैसे काढावयाचे तर यंत्राला संपर्क हवा. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेश परीक्षेची नोंदणी, सातबाराचा उतारा, शाळेतील हजेरीची माहिती, आरोग्य केंद्रातील नोंदी, या साऱ्यांचा मार्ग आता मोबाइलच्या पडद्यातून जातो. आणि यातील बहुतेक कामे उघड्या माळावर होत नाहीत. ती चार भिंतींच्या आत, खोलीत, टेबलापाशी होतात. शासनाने आपला सारा कारभार ज्या लहरींवर सोपविला, त्या लहरी कारभाराच्या खोलीपर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. प्रस्तुत प्रश्नाचे मर्म येथे आहे.

मोजमाप कशाचे होते?

दूरसंचाराच्या विस्ताराचे सरकारी मोजमाप गावांच्या संख्येत होते. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संपर्काबाहेर राहिलेल्या २४,६८० गावांना चौथ्या पिढीची मोबाइल सेवा देण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलाम, कातकरी व माडिया गोंड यांच्यासारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या वस्त्यांसाठी मोबाइल टॉवरची तरतूद करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये भारत संचार निगमच्या संपूर्ण स्वदेशी चौथ्या पिढीच्या जाळ्याचे लोकार्पण झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जेथे काहीच नव्हते तेथे टॉवर उभा राहणे ही पहिली पायरी आहेच.

परंतु गाव एकदा यादीतून ‘संपर्कयुक्त’ म्हणून वगळले गेले की त्या गावाचा प्रश्न शासनाच्या लेखी संपतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेविषयी नवे विनियम केले आणि कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे. तथापि हा नकाशा गावाचा असतो, खोलीचा नसतो. नकाशावर ज्या ठिकाणी रंग भरलेला आहे, त्याच ठिकाणच्या शाळेतील संगणक कक्षात फोन निर्जीव पडून राहू शकतो आणि तरीही नकाशा खोटा ठरत नाही. सरासरीच्या पोटात अभाव कसा दडतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून परिचित असते. संपर्काच्या आकड्याची गोष्टही वेगळी नाही.

लहरींचे गणित

भिंतीपाशी नेमके काय घडते, हे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. मोबाइलच्या लहरी निरनिराळ्या कंप्रतांच्या असतात. कंप्रता जितकी कमी तितकी लहर भिंतीतून सहज पार होते. कंप्रता जितकी अधिक तितकी माहिती वाहण्यास जागा मोठी मिळते, पण भिंतीत होणारी गळतीही वाढते. जाळ्याची आखणी करताना अभियंते जे प्रमाणित सूत्र वापरतात त्यानुसार, ७०० मेगाहर्ट्झची लहर काँक्रीटच्या भिंतीतून गेल्यावर तिच्या शक्तीचा सुमारे सहावा हिस्सा उरतो. पाचव्या पिढीच्या सेवेसाठी प्रामुख्याने वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीचा मात्र जेमतेम ऐंशीवा हिस्सा पलीकडे पोहोचतो. पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी शटर यांची गोष्ट याहून बिकट, कारण धातूच्या पत्र्यातून लहर जवळजवळ पार होतच नाही. ती खिडकी-दाराच्या फटीतून वाट काढून येते तेवढीच. टॉवर जवळ असेल तर ही घट फोनला जाणवत नाही. टॉवर दोन-तीन किलोमीटरवर असेल आणि मध्ये टेकडी किंवा झाडी असेल, तर भिंतीपर्यंत आलेली लहर आधीच क्षीण झालेली असते आणि भिंत तिचा शेवट करते.

म्हणूनच येथे एक विचित्र विपर्यास दिसून येतो. कुड-मातीच्या घरातून जी लहर विशेष अडथळ्यावाचून जात होती, ती घरकुल योजनेतील स्लॅबच्या घरात शिरताना अडखळते. घर पक्के झाले, पण संपर्क कच्चा झाला. पक्के घर नको, असा याचा अर्थ कोणी लावू नये. बांधकामाचा दर्जा वाढला की दूरसंचाराच्या आखणीनेही त्याच्याबरोबर बदलले पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. टॉवरवरील प्रक्षेपकाची शक्ती दहा-वीस वॅट वा त्याहून अधिक असते. हातातील फोनची शक्ती मात्र सहसा एका वॅटच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच असते. टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचा क्षीण आवाज भिंतीबाहेर पडून टॉवरपर्यंत पोहोचत नाही. पडद्यावर रेंजच्या दांड्या दिसत असतात आणि तरीही अर्ज ‘सबमिट’ होत नाही, छायाचित्र चढत नाही, अंगठ्याची पडताळणी पुरी होत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे. टॉवरपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी फोन आपली शक्ती कमालीची वाढवितो आणि बॅटरी झपाट्याने उतरते, हा त्याचाच दुसरा परिणाम.

तार आहे, जोडणी नाही

यावर उपाय नाही असे नव्हे. बाहेरून आत येणाऱ्या लहरीची वाट न पाहता इमारतीच्या आतच एक छोटे प्रक्षेपण केंद्र बसविणे, हा तो उपाय. अभियंते त्यास ‘स्मॉल सेल’ म्हणतात. जेवणाच्या ताटाएवढी किंवा त्याहून लहान अशी ही पेटी छताला अथवा भिंतीला लावता येते. तिची शक्ती अल्प, आवाका काही खोल्यांपुरता. शहरांतील विमानतळ, मोठी रुग्णालये, मॉल व कार्यालये यांत अशा प्रकारची व्यवस्था अनेक वर्षांपासून आहे. तेथील ग्राहकाला तळघरातही फोन लागतो, तो या व्यवस्थेमुळे.

अशा पेटीला दोन गोष्टी लागतात: माहिती ने-आण करणारी तार आणि वीज. नवी तार ओढणे, भिंती फोडणे, नळ्या बसविणे यांचा खर्च व खोळंबा पुष्कळदा पेटीच्या किमतीहून जड जातो. आणि नेमक्या याच ठिकाणी एक दिलासादायक वस्तुस्थिती पुढे येते. संगणक जोडण्यासाठी शाळांत, बँकांत, पंचायत समितीच्या कार्यालयांत जी साधी लॅन केबल टाकलेली असते, तीच केबल स्मॉल सेलची माहितीही वाहू शकते आणि तिला लागणारी वीजही. २००३ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या केबलमधून सुमारे १५ वॅट वीज पाठविता येते. २००९ च्या सुधारित मानकाने ही मर्यादा ३० वॅटपर्यंत नेली. एका केबलची लांबी १०० मीटरपर्यंत असू शकते. तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक सार्वजनिक इमारतींना एवढे अंतर पुरेसे आहे. घराघरांत पोहोचलेली केबल टीव्हीची तारदेखील योग्य उपकरणे लावल्यास हे काम करू शकते.

विदर्भातील गावांच्या दृष्टीने यात आणखी एक लाभ आहे. विजेचा पुरवठा खंडित होणे येथे नित्याचे. प्रत्येक पेटीला स्वतंत्र वीजजोडणी दिली तर दिवे गेले की सारे बंद. वीज केबलमधूनच जात असेल, तर कार्यालयातील एकच इन्व्हर्टर इमारतीतील सर्व पेट्या चालू ठेवू शकतो.

राहिला प्रश्न इमारतीपर्यंत येणाऱ्या मुख्य वाहिनीचा. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याचा जो प्रकल्प मंजूर केला, तो पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत हे जाळे नेल्याचे सरकार सांगते. पण ग्रामपंचायतीच्या खोलीत आलेला फायबर आणि शेजारच्या शाळेतील वर्ग यांच्यामध्ये जे शे-दोनशे फूट उरले, ते अनेक ठिकाणी ओलांडले गेले नाहीत. कोट्यवधी रुपयांची वाहिनी दारात येऊन थांबली आणि आत पडलेल्या तारेशी तिची गाठ बांधली गेली नाही. धरण झाले, कालवा झाला, पण शेतापर्यंतची चारी खोदली गेली नाही, ही सिंचनाची जुनी कथा दूरसंचारात पुन्हा घडत आहे.

न मोजलेला कर

हा अभाव किती महाग पडतो, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, एका रेशन दुकानावर ३०० शिधापत्रिका आहेत आणि संपर्क क्षीण असल्यामुळे प्रत्येक व्यवहाराला दहा मिनिटे अधिक लागतात. महिन्याला ३,००० मिनिटे, म्हणजे ५० तास वाया गेले. वर्षाला ६०० तास. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर हे ७५ दिवस झाले. रांगेत उभे राहून हे दिवस खर्च करणारे लोक म्हणजे रोजाने जाणारे मजूर. त्यांच्या बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. हा एक कर आहे. तो विधिमंडळात मंजूर होत नाही, त्याची पावती मिळत नाही, आणि तो ज्याची ऐपत सर्वांत कमी त्याच्याकडून सर्वांत अधिक वसूल होतो. ज्याच्या घरी स्वतंत्र ब्रॉडबँड आहे त्याला तो भरावाच लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही विषमता अधिक बोचरी ठरते. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून भर पावसात अभ्यास करावा लागला होता. त्या वेळी तिच्या जिद्दीचे उचित कौतुक झाले. परंतु एखाद्या व्यवस्थेत साधी गोष्ट मिळविण्यासाठी असामान्य जिद्द लागत असेल, तर तो व्यवस्थेच्या गौरवाचा विषय होऊ शकत नाही. टाळेबंदी सरली, तरी प्रवेशाच्या फेऱ्या, गुणपत्रिका, परीक्षांची प्रवेशपत्रे हे सर्व आता कायमचे ऑनलाइन झाले आहे. अंतिम तारखेच्या रात्री घरात अर्ज चढला नाही म्हणून एखाद्या मुलीचे वर्ष वाया जाणे ही नेटवर्कची अडचण म्हणून सोडून देण्याची बाब नव्हे. तो तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे.

बाजार एकटा का पुरत नाही?

मग खासगी कंपन्या स्वतः होऊन हे काम का करीत नाहीत? त्याचे उत्तर त्यांच्या सद्भावनेत शोधण्याचे कारण नाही. शहरातील मॉलमध्ये प्रत्येक पेटीमागे हजारो ग्राहक असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शंभर-दोनशे, आणि त्यांतील बरेचसे दरमहाचा रिचार्जही काटकसरीने करणारे. कंपनीला मिळणारा महसूल थोडा, पण समाजाला होणारा लाभ मोठा. खासगी लाभ आणि सामाजिक लाभ यांत अशी तफावत पडते तेव्हा बाजार आवश्यकतेपेक्षा कमी गुंतवणूक करतो, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे.

त्यातही प्रत्येक कंपनीने प्रत्येक इमारतीत आपापली पेटी लावावयाची म्हटले, तर एकाच छताखाली चार पेट्या, चार तारा आणि चार देयके होतील. हा उघड अपव्यय आहे. एकच पेटी व एकच तार सर्व कंपन्यांनी सामाईक वापरावी आणि तिची देखभाल कोणा तटस्थ यंत्रणेकडे असावी, हीच किफायतशीर पद्धत. एका रस्त्यावरून सर्व कंपन्यांच्या बसगाड्या धावाव्यात, प्रत्येकीने आपला रस्ता बांधू नये, तसेच हे आहे.

मात्र सामाईक व्यवस्थेतही धोका असतो, आणि मुंबईने तो नुकताच अनुभवला. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोमार्गाचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. भुयारातील मोबाइल यंत्रणा उभारण्याचे काम त्रयस्थ कंपनीकडे सोपविण्यात आले होते. तिचे दर अवाजवी असल्याची तक्रार दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने केली, आपली यंत्रणा आपण उभारण्यास अनुमती मागितली, वाद चिघळला, आणि गाड्या धावू लागल्या तेव्हा काही कंपन्यांच्या ग्राहकांचे फोन भुयारात बंदच होते. यात चूक कोणाची, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. बोध एवढाच की, इमारतीच्या आत जाण्याची वाट एकाच्याच हाती असेल तर तिचे भाडे आधी ठरले पाहिजे, आणि ते सर्वांना समान व परवडणारे असले पाहिजे. अन्यथा तटस्थ म्हणविणारी यंत्रणाच मक्तेदार होऊन बसते.

बाजाराने काम केले नाही आणि शासनानेही केले नाही, की लोक आपापला मार्ग शोधतात. दुकानदार वा घरमालक ‘बूस्टर’ म्हणून विकले जाणारे यंत्र छतावर लावतात. विनापरवाना असे यंत्र बसविणे कायद्याला मान्य नाही, आणि त्यामागे सबळ कारण आहे: एकाच्या खोलीतील रेंज वाढते, पण टॉवरच्या कानात कर्कश गोंगाट शिरून साऱ्या वस्तीचा संपर्क बिघडतो. एकाच्या लाभाचा भुर्दंड शेजाऱ्याला. अशा यंत्रांवर केवळ छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही. ज्या गरजेपोटी लोक ते लावतात ती गरज वैध मार्गाने भागविली पाहिजे.

पैसा कोठून यावा?

निधी नाही, ही सबब या बाबतीत टिकणारी नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत जमा होते. पूर्वीचा हा निधी २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर ‘डिजिटल भारत निधी’ या नावाने ओळखला जातो. हा पैसा अंतिमतः प्रत्येक ग्राहकाच्या रिचार्जमधून येतो. पोडावरील कोलाम ग्राहकाच्याही. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि तीत दहा वर्षांच्या देखभालीचाही समावेश आहे. देखभालीचा असा आधीच विचार होणे ही चांगली खूण आहे, कारण पूर्वीची बरीच जोडणी उभारणीअभावी नव्हे, निगेअभावी निकामी झाली.

मुकुटबनसारख्या खनिजपट्ट्यातील गावांना आणखी एक साधन उपलब्ध आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक खनिजसमृद्ध जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ स्थापन झाले असून, खाणपट्टाधारकाला स्वामित्वधनाच्या १० ते ३० टक्के इतकी रक्कम तेथे भरावी लागते. खाणींमुळे बाधित झालेल्या भागातील शिक्षण व आरोग्य ही या निधीच्या वापराची अग्रक्रमाची क्षेत्रे आहेत. जमिनीतून चुनखडी व कोळसा निघतो, त्याचा धूर आणि धूळ ज्या गावावर बसते, त्या गावाच्या शाळेत व दवाखान्यात लहर पोहोचावी यासाठी त्या निधीतील अल्पसा भाग वापरणे सर्वस्वी न्याय्य ठरेल.

नियमांची अडचणही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मार्गाधिकाराच्या नियमांत दुरुस्ती होऊन रस्त्यावरील खांबांवर स्मॉल सेल लावण्यासाठी शहरी भागात वर्षाला ३०० रुपये व ग्रामीण भागात १५० रुपये इतका माफक आकार ठरविण्यात आला. २०२३ च्या कायद्याखालील मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले. इमारतींना त्यांच्या अंतर्गत संपर्कानुसार श्रेणी देण्याचे विनियमही नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केले. मात्र ही श्रेणी ऐच्छिक आहे. ज्या मालकाला भाडे वाढवावयाचे आहे तो ती प्रथम घेईल, म्हणजे शहरातील व्यापारी संकुले पुढे जातील. जिल्हा परिषदेच्या शाळेला श्रेणी कोण देणार, आणि ती नापास ठरली तर उत्तरदायी कोण, याचा उलगडा त्यातून होत नाही.

आक्षेपांचा विचार

या सूचनेवर काही आक्षेप संभवतात, आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, तार आहे तर सरळ वाय-फाय लावावे. स्मॉल सेलची उठाठेव कशासाठी? स्मार्टफोन असणाऱ्यासाठी हा आक्षेप बराचसा रास्त आहे. २०१९-२० पासून देशात वाय-फायवरून साधे कॉल करण्याची सोयही झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने छोट्या दुकानदारालाही सार्वजनिक वाय-फाय विकण्याचा मार्ग मोकळा केला. जेथे एवढ्याने भागते तेथे ते अवश्य करावे. ते स्वस्तच पडेल. परंतु वृद्ध निराधार स्त्रीच्या हाती बटणांचा साधा फोन असतो. त्याला वाय-फाय कळत नाही, आणि बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. सिमकार्डावर चालणारी यंत्रेही आहेत. ज्या साधनाला पासवर्ड लागत नाही, निवड करावी लागत नाही, ते साधन दुर्बळाला अधिक जवळचे. सार्वजनिक इमारतीत म्हणूनच दोन्ही असावीत; तार तर एकच लागणार आहे.

दुसरा आक्षेप किरणोत्साराच्या भीतीचा. छतावर पेटी लागली की पालक बिथरतात, हे समजण्यासारखे आहे. पण भारताने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक मर्यादा स्वीकारली आहे. शिवाय पेटी जवळ असल्याने फोनला ओरडावे लागत नाही. कानाशी धरलेल्या फोनचे स्वतःचे प्रक्षेपण उलट घटते. हे लोकांना समजेल अशा भाषेत आधी सांगितले गेले पाहिजे, विरोध झाल्यानंतर नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मागची वाहिनीच तुटली तर पुढची पेटी काय करणार? काहीच नाही. स्मॉल सेल हा भारतनेटला पर्याय नव्हे. भारतनेट चालू राहण्यावर त्याचे यश अवलंबून आहे. तथापि या परस्परावलंबनाचा एक सुपरिणामही होऊ शकतो. आज ग्रामपंचायतीतील यंत्र महिनाभर बंद राहिले तरी गावाला पत्ता लागत नाही, कारण त्याच्याशी कोणाचे काम अडलेले नसते. त्याच तारेवर शाळा, दवाखाना आणि रेशन दुकान जोडले गेले, तर तासाभरात तक्रार होईल. ज्या मालमत्तेचा उपयोग होतो तिचीच निगा राखली जाते.

पहिले पाऊल

या दिशेने करावयाच्या गोष्टी अवाक्याबाहेरच्या नाहीत. प्रथम, झरी जामणीसारख्या एका तालुक्यातील सर्व शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामपंचायती, तलाठ्याचे सज्जे व रेशन दुकाने यांच्या आतील संपर्काची खोलीनिहाय मोजणी करावी. त्यासाठी खर्चिक यंत्रणा नको. चारही कंपन्यांची सिमकार्डे घातलेले फोन आणि महाविद्यालयातील विद्यार्थी एवढे पुरेसे आहे. ही मोजणी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. त्याच वेळी कोणत्या इमारतीत कोणती तार आधीच आहे, तिची अवस्था काय, याचीही नोंद व्हावी. आज ही साधी यादी हाताशी नसल्यानेच जुन्या तारेशेजारी नवी तार टाकली जाते.

त्यानंतर जेथे वाय-फायने भागेल तेथे वाय-फाय आणि जेथे भागणार नाही तेथे सर्व कंपन्यांसाठी सामाईक स्मॉल सेल, अशी निविदा तालुक्यासाठी एकत्र निघावी. एकेका इमारतीचा सौदा कंपनीला परवडत नाही. शंभर इमारतींचा परवडू शकतो. भाड्याचा दर करारातच ठरलेला असावा. देयक उभारणीवर नव्हे, तर पेटी महिन्यात किती तास चालू होती यावर द्यावे. आणि निगा राखण्याचे काम गावातील केबल व्यावसायिक वा तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेल्या तरुणाकडे सोपवावे. यवतमाळहून माणूस येण्याची वाट पाहणारी यंत्रणा टिकत नाही. नव्या सार्वजनिक इमारतींच्या आराखड्यात विजेच्या नळीबरोबर संपर्काचीही नळी दाखविल्यावाचून तांत्रिक मंजुरी देऊ नये; बांधतानाच नळी टाकण्याचा खर्च पुढे भिंत फोडण्याच्या खर्चाच्या मानाने नगण्य असतो.

हे स्वप्नरंजन नव्हे, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भारतासाठी १२८ जोडण्यांचे छोटे टेलिफोन केंद्र घडविले. वातानुकूलनाची चैन ज्या खेड्याला परवडत नाही, तेथील उष्मा व धूळ सोसून ते चालावे, हा विचार त्याच्या रचनेतच होता. पुढे पिवळ्या फलकाच्या एसटीडी-पीसीओ केंद्रांनी ज्याच्या घरी फोन नव्हता त्यालाही फोन दिला, आणि हजारो अपंग व बेरोजगारांना उपजीविका दिली. त्या यशाचे रहस्य यंत्र मोठे असण्यात नव्हते. ते लहान होते, स्थळाला साजेसे होते, सामाईक होते, आणि त्याची निगा राखण्यात कोणा स्थानिक माणसाचे हित गुंतलेले होते. देशाचा ध्यास त्या काळी दर घरी फोनचा नव्हता. चालत जाण्याच्या अंतरावर फोन असावा, इतका तो माफक आणि म्हणूनच साध्य होता. आजचे उद्दिष्टही तितकेच माफक ठेवता येईल: ज्या खोलीत शासन नागरिकाकडे अंगठा मागते, त्या खोलीत लहर असलीच पाहिजे.

टॉवरांची संख्या वाढली की प्रगती झाली, अशी समजूत करून घेणे सोपे आहे. टॉवर दुरून दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते, त्याचे छायाचित्र निघते. शाळेच्या छताला लावलेली ताटाएवढी पेटी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि तिची फीत कापण्यासाठी मंत्रीही येणार नाहीत. परंतु नागरिकाचा शासनाशी संबंध टॉवरच्या टोकावर येत नाही. तो रेशन दुकानाच्या फळीपाशी, दवाखान्याच्या बाकापाशी आणि शाळेच्या वर्गात येतो. मुकुटबनच्या कारखान्यातून निघालेले सिमेंट या साऱ्या भिंतींना बळकटी देवो. त्या भिंतींच्या आत बसलेल्या माणसाला आपले काम पुरे करण्यासाठी अंगणात यावे लागू नये, एवढी तजवीज करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तार बहुतेक ठिकाणी आहे, निधी आहे, कायदाही आहे. उणीव आहे ती हे काम आपले आहे असे म्हणणाऱ्या एका कार्यालयाची.